कुटीवरचा फ्लेक्स

"पण ॲव्हरेज पडलं कशानं, महाराज? तेवढं सांगा."

घाट चढून आम्ही पठाराच्या तोंडाशी थांबलो होतो. जीपचं बॉनेट उघडं, मागं जोडलेली चाकांवरची कुटी, आणि डिझेलचा लाल दिवा लागलेला. समोर पवनचक्क्या गरागरा फिरत होत्या.

महाराज पवनचक्क्यांकडं बघत होते.

"टायरची हवा मी स्वतः तपासलीय. फिल्टर नवा, ऑईल नवं. घाटात कुठं उगाच रेस केली नाही, गिअर वेळच्या वेळी टाकले. डिझेल वाचवायला जे जे म्हणून करतात ते सगळं केलंय. मग जातंय कुठं?"

"मसणात," मी म्हणाले.

यशोधनरावांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मी अनसाबाई, मठात चूल सांभाळते. महाराज समोर असताना माझ्याकडं कोण बघणार? नका बघू. पण पठाराच्या पलीकडच्या टोकाला एक म्हातारी जीव मुठीत धरून वाट बघत होती, आणि हा बाबा ॲव्हरेज विचारत होता!

'यशोधनराव' म्हणते ते सवयीनं. त्या दिवशी तोंडात दुसरंच येत होतं.

पहिल्यापासून सांगते, म्हणजे मला एवढा राग का आला ते कळेल.

आमचे महाराज म्हणजे दौलतगीर महाराज, आणि त्यांच्या गुरू म्हणजे माई. नव्वदी ओलांडलेल्या. पठाराच्या टोकाला महादेवाचं लहानसं देऊळ आहे, त्याला लागून एक दगडी खोली. तिथं माई एकट्या राहायच्या. आमच्या मठाची एक रीत आहे. गुरूच्या तोंडात शेवटचं पाणी शिष्यानं घालायचं. मुलानं नाही, भावानं नाही, शिष्यानंच. "नाहीतर हा एवढा सांभाळलाय कशाला?" असं माई महाराजांकडं बोट दाखवून म्हणायच्या आणि हसायच्या.

त्या सकाळी वरून दूध घेऊन येणारा माणूस मठाच्या दारात उभा राहिला. टोपी हातात.

"माईचं काय खरं न्हाई," म्हणाला. "दौलतला बोलवा म्हणाल्यात. पाणी त्याच्याच हातचं घेणार."

महाराज उठले. खांद्यावर शाल टाकली, कमंडलू भरून घेतला, चपला पायात. झाली तयारी. मी भाकरी बांधल्या, चिरायची सुरी आणि कांदे टोपलीत टाकले. वर किती दिवस राहावं लागेल कुणाला ठाऊक.

आणि नेमके तेव्हाच यशोधनराव हॉर्न वाजवत आले.

यशोधनराव आमच्या महाराजांचे शिष्य. गाड्यांच्या बॉड्या बांधायचा त्यांचा कारखाना आहे. ट्रकची बॉडी म्हणू नका, टेम्पोची म्हणू नका, सगळ्यात हात बसलेला. वर्षभर ते महाराजांसाठी एक कुटी बांधत होते. चाकांवरची. जीपच्या मागं जोडायची आणि गावोगाव न्यायची. आत पलंग, बेसिन, पाण्याची टाकी, एसी, संगमरवरी आसन. भिंतीला ऑक्सिजनचं नळकांडं. छतावर कर्णे.

आणि छताच्या पुढच्या काठावर, जीपच्याही वर डोकं काढून, लोखंडी चौकटीत ताणून बसवलेला फ्लेक्स. त्यावर महाराजांचा चेहरा. जटेपासून दाढीपर्यंत एवढा मोठा, की नाकाच्या जागी मी उभी राहिले असते. खालच्या कोपऱ्यात हात जोडलेले यशोधनराव.

"कसा आलाय, महाराज?"

महाराज माईंकडं जायला निघालेले. तरी थांबले. मान वर करून बघत राहिले...

"बरा आलाय," म्हणाले.

हे मी विसरलेले नाही.

"नुसती जीप काढा," मी म्हणाले. "ती मागची पेटी ठेवा इथंच. लवकर पोचू."

"आणि माईंना खाली कशातून आणायचं, मावशी? मांडीवर घेऊन?" यशोधनराव म्हणाले. "आत पलंग आहे, ऑक्सिजन आहे. तासाभरात दवाखान्यात नेतो त्यांना."

मी टोपली उचलली. त्यांचं बोलणं चुकीचं नव्हतं. माणूस वाईट नाही हो, हीच तर पंचाईत आहे. वाईट असता तर मी तिथंच त्याला झाडूनं हाकलला असता.

महाराज जीपमध्ये पुढं बसले. मी मागं, टोपली मांडीवर.

घाटाच्या पायथ्याशी शेवटचा पंप लागला. मी म्हटलं, टाकी भरून घ्या.

"निम्मी आहे. पुरेल."

"अहो, भरून घ्यायला काय जातंय?"

"मावशी, डिझेललासुद्धा वजन असतं. भरली टाकी ओढायलाच निम्मं डिझेल जातं. माझा हिशेब आहे."

मागं संगमरवरी आसन. टाकीभर पाणी. आणि हा माणूस डिझेलचं वजन वाचवत होता! माझी नुसती आग आग झाली. महाराजांकडं बघितलं. महाराज खिडकीबाहेर बघत होते.

पहिलं गाव आलं. हलगी वाजायला लागली.

मला वाटलं कुणाचं लग्न असेल. कसलं लग्न! यशोधनरावांनी फोन करून ठेवले होते. बायका आरत्या घेऊन, माणसं फेटे बांधून रस्त्याच्या मधोमध उभी. हार, नारळ, पेढे. कर्ण्यातून यशोधनराव बोलायला लागले, महाराजांची कुटी आता दारोदार येणार म्हणून. इंजिन चालूच.

"बंद तरी करा ते," मी म्हणाले.

"एसी बंद पडेल. आत गार राहायला हवं, माईंसाठी."

"माई वर आहेत!"

ऐकलं का? नाही.

लोक जीपजवळ येत होते, पण जीपमधल्या माणसाला कुणी नमस्कार करत नव्हतं. सगळे मान वर करून फ्लेक्सला हात जोडत होते. एका बाईनं तर लेकराला उचलून त्या चेहऱ्याच्या दिशेनं धरलं. महाराज खिडकीतून डोकं काढून तिकडं बघत होते. मला वाटलं, आता म्हणतील, चला. आता म्हणतील...

म्हणाले नाहीत.

दुसऱ्या गावात तेच. तिसऱ्या गावात फेटा बांधायचं कापड लहान पडलं म्हणून नवं आणायला माणूस पिटाळला. इंजिन गुरगुरत उभं. मी टोपलीचे काठ घट्ट धरून बसले होते. माझ्याच बोटांना रग लागली.

मग घाट. आणि घाटाच्या डोक्यावर हा लाल दिवा.

"हिशेब केला होता ना?" मी विचारलं. "कधी केला होता?"

"हायवेवर टेस्ट घेतली होती."

"मागं कुटी होती तेव्हा?"

ते बॉनेटमध्ये डोकं घालून उभे राहिले.

"कुटी होती का मागं?"

"कुटीचं काम चालू होतं तेव्हा," ते म्हणाले. "पण एवढा फरक पडत नाही! पडायला नको. काहीतरी वेगळं आहे. म्हणून तर विचारतोय. महाराज, तुम्ही सांगा. तुम्हाला दिसतं सगळं."

महाराज जीपमधून उतरले.

पठारावरचा वारा ज्यानं खाल्लाय त्यालाच माहीत. घाटातही वारा होताच, पण तिथं डोंगराची थोडी आड असते. डोक्यावर आलं की आड संपते, आणि पश्चिमेचा वारा थेट छातीवर येतो. जीपचं दार उघडायलाच महाराजांना दोन्ही हात लावावे लागले.

ते जीपच्या पुढं जाऊन वाऱ्याकडं तोंड करून उभे राहिले. खांद्यावरची शाल काढली, दोन्ही हातांत दोन टोकं धरली आणि हात पसरले.

शाल फुगली.

म्हातारा माणूस तो. पाय मागं मागं घसरायला लागले. चपलांनी मुरमात रेघा ओढल्या. शेवटी पाठ जीपच्या पुढच्या जाळीवर आदळली.

"महाराज!" मी ओरडले.

त्यांनी शाल गोळा केली, घडी घातली, काखेत मारली. आणि त्याच वाऱ्यात सरळ चालत पुढं गेले. थोडं अंतर गेले आणि परत आले.

मग मान वर केली.

आम्हीही वर बघितलं. फ्लेक्स धाडधाड वाजत होता. वाऱ्यानं तो मधोमध मागं फुगला होता. महाराजांचे गाल आत गेले होते, नाक मागं दबलं होतं, आणि अख्खी चौकट मागं रेलून कण्हत होती. जीप जेवढी पुढं ओढत होती, तेवढं ते तोंड मागं ओढत होतं.

यशोधनराव बिनडोक नाहीत. धंद्यातला माणूस. बघितल्याबरोबर कळलं त्यांना. चेहरा उतरला.

"वारा..." ते म्हणाले.

"काढ," महाराज म्हणाले.

"काय?"

"ते."

यशोधनरावांनी पुन्हा वर बघितलं. कानांना हात लावले.

"नाही, महाराज."

"काढ."

"वेल्डिंग केलंय. वाऱ्यानं पडू नये म्हणून."

"मग फाड."

"तुमचा चेहरा आहे तो!"

"माई थांबणार नाहीत, यशोधन."

"तुमच्या तोंडावर मी हत्यार चालवू? देव्हाऱ्यात तुमचा फोटो पुसताना ओलं फडकंसुद्धा लावत नाही मी. दुसरं काहीही सांगा. आसन फेकतो. टाकीचं पाणी सोडतो. हे नाही!"

आणि खरंच त्यांनी धावत जाऊन टाकीचा नळ सोडला. मुरमात पाण्याचा ओहोळ वाहायला लागला. संगमरवरी आसन एकट्यानं ढकलत दारापर्यंत आणलं, उंबऱ्यावरून खाली लोटलं. एक कोपरा फुटला. एवढा कष्टाचा दगड! पण फ्लेक्सला हात लावेनात.

"अहो, ती म्हातारी तिकडं तोंड उघडून पडलीय!" मी म्हणाले. "तिला हा रंगवलेला चेहरा पाजणार आहे का पाणी?"

यशोधनराव माझ्यावर उसळले.

"तुम्ही गप्प बसा, मावशी! काय माहितीय तुम्हाला? कोण ओळखत होतं महाराजांना? मठात पावसात गळत होतं तेव्हा कोण आलं होतं? आज तीन गावं रस्त्यावर उतरली ती कशामुळं? माझ्यामुळं! या फ्लेक्समुळं!"

वर फ्लेक्स धाडधाड वाजतच होता.

मला वाटलं, आता महाराज त्यांना झाडणार. मनातून मला ते हवंच होतं. सगळी सकाळ मी त्याचीच वाट बघत होते.

पण महाराज माझ्याकडं वळले. डोळे लाल झाले होते.

"अनसा, सुरी."

मी टोपलीतून सुरी काढून दिली.

महाराज कुटीच्या मागच्या लोखंडी शिडीकडं गेले. पहिल्या पायरीवर पाय ठेवला, तर यशोधनरावांनी धावत येऊन दोन्ही पाय घट्ट धरले. कपाळ टेकलं पायांवर.

"नका, महाराज. पाया पडतो."

"पाय सोड."

"नाही सोडणार."

"सोड!" महाराज ओरडले. इतक्या वर्षांत मी त्यांचा असा आवाज ऐकला नव्हता. "मला चालायचंय त्यांच्यावर!"

हात सुटले.

महाराज वर गेले. छतावर नीट उभं राहता येईना, म्हणून गुडघ्यांवर रांगत पुढं गेले. फ्लेक्सच्या मागच्या पांढऱ्या बाजूला बसले आणि जटेच्या टोकापाशी सुरी खुपसली.

चर्रर्र...

कपाळ फाटून लोंबलं. मग एक कड, मग दुसरी. वाऱ्यानं उरलेलं काम केलं. तो एवढा मोठा चेहरा सुटला, कुटीच्या बाजूनं फडफडत खाली आला. यशोधनरावांनी धावत जाऊन तो अंगावर झेलला, जमिनीला टेकू दिला नाही. त्याच्याखाली ते दिसेनासे झाले.

मग बाहेर आले आणि त्याची गुंडाळी करायला बसले. अंगारा बांधावा तशी हलक्या हातानं.

"चला आता!" मी किंचाळले. "गुंडाळी काय करताय?"

निघालो.

एक सांगते, जीप पळाली. मला गाडीतलं काही कळत नाही, पण बसणाऱ्याला समजतंच की. मघाशी रडत होती ती आता सरळ धावायला लागली. वरचा गिअर पडला. यशोधनरावांनी गिअरकडं बघितलं, आरशात मागच्या रिकाम्या चौकटीकडं बघितलं. ओठ दाबून धरले.

पण जे जळून गेलं होतं ते काही परत येणार नव्हतं. आरत्यांमध्ये जळलं, फेट्यांमध्ये जळलं, वाऱ्याशी भांडण्यात जळलं. देवळाचं शिखर दिसायला लागलं, त्याच्या बाजूचं वाकडं उंबराचं झाड दिसायला लागलं, आणि इंजिन खोकलं. आणखी एकदा खोकलं. बंद.

यशोधनरावांनी किल्ली फिरवली. फिरवत राहिले.

"हवा धरली," ते म्हणाले. "आता डिझेल मिळालं तरी लगेच चालू होणार नाही."

महाराजांचं दार केव्हाच उघडं होतं. कमंडलू छातीशी धरून, डोकं वाऱ्यात खुपसून ते चालायला लागले होते.

मी टोपली टाकली आणि मागं धावले. यशोधनराव उतरले. फ्लेक्सची गुंडाळी त्यांनी पाठीला दोरीनं बांधली होती.

"अहो, ते काय घेताय? ऑक्सिजनचं नळकांडं घ्या!"

ते वळले, कुटीत शिरले, नळकांडं खांद्यावर घेऊन बाहेर आले. जड असतं ते. मला वाटलं दोन पावलांत टाकतील. नाही टाकलं. पाठीवर गुंडाळी, खांद्यावर नळकांडं, तोंडावर वारा. एकदा पडले. गुडघा फुटून पँट रक्तानं भिजली. उठले, पुन्हा खांद्यावर घेतलं आणि पळत सुटले. मला मागं टाकून पुढं गेले.

तेवढ्यापुरता माझा राग गेला होता. तेवढ्यापुरताच.

खोलीच्या दारात बायडाबाई बसली होती. पठारावर मेंढरं घेऊन असते ती. माईंना दूध-भाकरी तीच बघायची. आम्ही आलो तरी ती उठली नाही.

ती उठली नाही, तेव्हाच मला कळलं.

महाराज तिच्यासमोर थांबले. श्वास छातीत मावत नव्हता.

"कधी?"

"आत्ताच," बायडाबाई म्हणाली. "आंग अजून ऊन हाय."

"पाणी?"

"म्या घातलं. तुमचं नाव घिऊन घातलं. म्हटलं, घे माई, दौलत पाजतोय." तिनं पदर तोंडाला लावला. "माझा हात न्हाई व्हय वळखला तिनं? वळखला. तरी पिली."

महाराजांनी भिंतीला हात टेकला.

बायडाबाई रडता रडता चिडली. तिचा राग तर माझ्याहून मोठा होता.

"कवाधरनं दिसत व्हतं की तुमचं त्वांड! तिकडं घाटाच्या डोक्यावर. एवढं मोठं. म्या माईला सांगितलं, आले, आले, त्वांड दिसाया लागलं. ती म्हणाली, मग यील आता. मान फिरवून दाराकडं बघाया लागली. म्या बघतीया, माई बघतीया. त्वांड दिसतंय आन् माणूस काय येत न्हाई!"

यशोधनरावांनी नळकांडं खाली ठेवलं. फार सावकाश ठेवलं.

"मंग ते त्वांड एकदम नाहीसं झालं," बायडाबाई म्हणाली. "म्हटलं, वळले का काय माघारी? माईनं विचारलं, आला का? म्या म्हटलं, येतायत. काय सांगू दुसरं? घाटात कशाला उभं ऱ्हायलासा, महाराज? कोण व्हतं तिथं तुमचं?"

...

महाराज आत गेले.

मी दारातून बघत होते. माईंच्या उशाशी पणती होती. दाराला फळ्या नव्हत्या, गोणपाट होतं, ते वाऱ्यानं केव्हाच उडून गेलेलं. पणती विझत होती, बायडाबाई लावत होती. महाराजांनी कमंडलूतलं पाणी ओंजळीत घेतलं आणि माईंच्या ओठांवर सोडलं. पाणी आत गेलं नाही. गालावरून उतरून उशीत गेलं.

त्यांनी पुन्हा ओंजळ भरली. पुन्हा सोडलं.

पुन्हा.

"पुरे, महाराज," मी म्हणाले.

त्यांनी ऐकलं नाही. कमंडलू रिकामा होईपर्यंत थांबले नाहीत.

पणती पुन्हा विझली. बायडाबाईनं इकडंतिकडं बघितलं, यशोधनरावांच्या पाठीवरची गुंडाळी दिसली. "फ्लेक्स हाय न्हवं त्यो? द्या हिकडं," म्हणाली. मेंढपाळाच्या पालाला फ्लेक्स लागतोच. तिला त्यात नवल नव्हतं. यशोधनरावांनी मुकाट्यानं दोरी सोडली. तिनं तो दारावर दगडांनी दाबून ताणला. छापील बाजू बाहेर, पांढरी आत.

वारा आता बाहेरून त्या चेहऱ्यावर आदळत होता. आत पणती स्थिर झाली.

यशोधनराव आत येईनात. फ्लेक्सच्या कडेपाशी, उंबऱ्याबाहेर, फुटलेल्या गुडघ्यावर बसून राहिले. कुणी काही म्हणावं, झोडपावं, याची वाट बघत असावेत. मी तर तयारच होते. सकाळपासून साठवलेलं सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. पंप, हलगी, फेटे, एसी, हिशेब. एकेक करून त्यांच्या डोक्यात घालणार होते मी.

त्यांनीच आधी तोंड उघडलं.

"महाराज... फ्लेक्स मी लावला होता. चूक माझी आहे."

महाराजांनी माईंच्या गालावरचं पाणी शालीनं टिपलं. मग शाल बाजूला ठेवली.

"चेहरा माझा होता," ते म्हणाले.